गाठ दिसली, पण कसली? माझ्या ईयूएसचा अनुभव

डिसेंबर २०२४ मध्ये मी शाळेत घालायच्या चार ब्लाउजना आतून दोन्ही बाजूंनी टीप मारली. अंगावर सैल व्हायला लागले होते. वजन उतरलं याचं तेव्हा बरंच वाटलं होतं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, रात्री मान आणि पाठ घामाने भिजायची. पण वय सत्तेचाळीस, तेव्हा पाळी जायची लक्षणं असणार असं मीच ठरवून टाकलं. कुणाला विचारलंसुद्धा नाही. बेंबीच्या वर जेवणानंतर दुखायला लागलं, त्यावर महिनाभर ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या. माझ्या वयाच्या बायकांना एवढंच कळकळीने सांगते, की घाम, ताप आणि वजन ही तिन्ही एकत्र आली तर पाळीवर ढकलू नका. वजनकाट्यावर उभी राहिले तेव्हा ६१ किलोची मी ५४ वर आले होते.

बडोद्यात आमचं घर दांडिया बाजारात, चार पिढ्यांचं. मी शाळेत विज्ञान शिकवते. ‘ईयूएस करून घ्या’, म्हणजे तोंडातून नळी घालून पोटाच्या आतून सोनोग्राफी करून घ्या, असा कागद हातात पडला, तेव्हा मराठीत वाचायला काही सापडलं नाही आणि जे सापडलं त्याने भीती वाढली. म्हणून झालं तसं तारीखवार लिहिते आहे.

६ जानेवारीला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. १,००० रुपये. रिपोर्टमध्ये लिव्हर, किडनी सगळं ठीक, पण स्वादुपिंडाबद्दल लिहिलं होतं की गॅसमुळे नीट दिसत नाही. डॉक्टरांनी पोटाच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे गॅस्ट्रोकडे पाठवलं. त्यांनी रक्ताच्या तपासण्या आणि सीटी स्कॅन सांगितला. सीटीत शिरेतून औषध सोडतात, त्याआधी किडनी नीट चालते का ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघावं लागतं, त्यात आणखी एक दिवस गेला. सीटी १३ जानेवारीला, सोमवारी झाला, ७,५०० रुपये. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, ‘रिपोर्ट गुरुवारे, बेन. वच्चे उत्तरायण छे.’

बडोद्यात १४ आणि १५ जानेवारीला गाव बंद आणि गच्च्या उघड्या असतात. आमच्या गच्चीवर पुतणे पतंग उडवत होते, खाली उंधियूचा वास सुटला होता, सासूबाई सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवत होत्या. मी कठड्याशी खुर्ची टाकून बसले होते. कुणी ‘काय पो छे’ ओरडलं की सगळे वर बघायचे आणि मी फोनकडे बघायची. रिपोर्ट येणार नाही हे माहीत असूनही. ते दोन दिवस मला आजाराच्या सगळ्या दिवसांत सर्वांत लांब वाटले.

१६ तारखेला रिपोर्ट आला. स्वादुपिंडाच्या डोक्याला चिकटून २.८ सेंटिमीटरची गाठ, मध्ये जरा पातळ भाग, शेजारी वाढलेल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड). पुढे कॅन्सरची शंका, आणि शेवटी ‘ईयूएस आणि एफएनए करावे’, म्हणजे ईयूएस करताना सुईने गाठीचा नमुना घ्यावा. स्वादुपिंडाच्या कॅन्सरची शंका असली की सीए १९-९ नावाची रक्ततपासणी करतात, तीही केली होती, ती ४१ आली. छापील मर्यादा ३७. मी तो आकडा किती वेळा वाचला ते सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, ‘बेन, एकट्या या आकड्यावर कुणाला कॅन्सर आहे असं म्हणत नाहीत. कावीळ असली, सूज असली, तरी हा वाढतो.’ त्यांनी हे दोनदा सांगितलं. घरी येईपर्यंत मी दोन्ही वेळचं विसरले.

मग नातेवाइकांचे फोन. मुंबईला टाटाला जा, लगेच ऑपरेशन करून टाका, सुई अजिबात लावू देऊ नका, सुईने पसरतं. दीर म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही कुणाचा फोन घेऊ नका, मी घेतो.’ तेवढ्याने मोठा आधार झाला. सुईचं मी डॉक्टरांना थेट विचारलं. ते म्हणाले, सुईच्या वाटेवर पेशी पसरल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, पण फार क्वचित. ‘आणि तुमच्या गाठीचं नावच माहीत नसताना मी काय काढू? ही स्वादुपिंडाचा कॅन्सर असेल तर उपचार एक, लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर असेल तर दुसरा, टीबी असेल तर तिसरा. सीटीत तिघी सारख्याच दिसू शकतात.’ टीबी हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. मला वाटायचं टीबी म्हणजे फुप्फुस आणि खोकला. मला तर खोकला नव्हताच.

ईयूएस म्हणजे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. नेहमीच्या दुर्बिणीच्या तपासणीसारखीच नळी तोंडातून पोटात जाते, फक्त हिच्या टोकाला कॅमेऱ्याबरोबर सोनोग्राफीचा छोटा प्रोबही असतो. नववीला ‘ध्वनी’ हा धडा मी दरवर्षी शिकवते, त्यामुळे पुढचं मला पटकन उमगलं. ध्वनिलहरींची वारंवारिता जितकी जास्त, तितकं चित्र बारीक, पण त्या फार खोल जात नाहीत. पोटावरून सोनोग्राफी करताना साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, कारण त्यांना लांब जायचं असतं. वाटेत चरबी आणि आतड्यातला गॅस. गॅस आला की लहरी तिथूनच परत. स्वादुपिंड तर जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून. आमच्या जुन्या वाड्यात माजघरात काय बोलणं चाललंय ते रस्त्यावरून ऐकू येत नाही, मधल्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावावा लागतो. ईयूएस तेच करतं. जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात जाऊन प्रोब भिंतीला टेकवतात. स्वादुपिंडाचं डोकं त्या वळणाच्या कुशीतच असतं, अंतर उरतं काही मिलिमीटरचं. म्हणून ५ ते १२ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरता येतात आणि सीटीत न दिसणारं बारीकसारीकही दिसतं. अशी नळी १९८० च्या सुमारास पहिल्यांदा वापरली गेली, आणि तिच्यातून स्वादुपिंडात सुई घालून नमुना घेणं १९९२ पासून सुरू झालं. म्हणजे माझ्यावर काही नवा प्रयोग होणार नव्हता. हे समजल्यावर जरा स्थिर झाले.

डॉक्टरांनी धोकेही सांगितले. स्वादुपिंडाला सूज येणं, शंभरात एखाद-दोघांना. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आतड्याला छिद्र, ही त्याहून कमी. आणि एक गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली: सुईत कॅन्सर सापडला नाही म्हणजे तो नाहीच असं होत नाही, कधी नमुना अपुरा पडतो आणि पुन्हा करावं लागतं.

तारीख मिळाली २४ जानेवारी, शुक्रवार. त्याआधी सीबीसी, प्लेटलेट, रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर, एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही काविळींच्या तपासण्या, ईसीजी. मी थायरॉइड आणि बीपीची गोळी घेते. दोन्ही सकाळी घोटभर पाण्याबरोबर चालतील म्हणाले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर तारीख घेतानाच सांगा. काही गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवाव्या लागतात आणि ते ज्याचं त्याने ठरवायचं नसतं.

सगळ्यात मोलाचा सल्ला मिळाला तो चुलतबहिणीकडून. ती पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रात्री फोनवर म्हणाली, ‘ताई, एकच विचार. नमुना कशात घालणार? सगळा फॉर्मलिनमध्ये घातला तर बायोप्सी होईल, पण टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होणार नाही, जंतू मरतात. थोडा नमुना साध्या सलाईनमध्ये वेगळा घ्यायला सांग.’ मी वहीत लिहून घेतलं.

विम्याचं आताच सांगते, कारण तारखेच्या आधी करायचं काम ते आहे. आमचा मेडिक्लेम आहे. कॅशलेससाठी कागद पाठवले, दोन दिवसांनी नकार आला: केवळ निदानासाठी भरती. पॉलिसी उघडून बघितली तर तसं कलम खरंच होतं, मुख्यतः तपासणीसाठीच भरती झालात तर खर्च मिळणार नाही. नंतर डॉक्टरांचं पत्र जोडून क्लेम टाकला, दोनदा अर्ज केला, साडेतीन महिने ईमेल चालले, मिळालं काहीच नाही. कंपनी नियमाने वागली असेल, पण दर वेळी नवा कागद मागून आजारी माणसाला झुलवत ठेवायची गरज नव्हती. तुमच्या पॉलिसीत ‘इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन’ असं शीर्षक शोधा आणि उत्तर लेखी घ्या, म्हणजे पैशाची सोय आधी करता येते. माझं त्या दिवसाचं बिल ३७,००० झालं: ईयूएसचे १८,०००, सुईचे १३,५००, भूलतज्ज्ञांचे ३,५०० आणि डे-केअरचे २,०००. सुई एकदाच वापरायची असते, म्हणून ती एवढी महाग. अंदाजपत्रक मागताना ‘सुईसकट किती’ असं विचारा. मला पहिल्यांदा सांगितलेला आकडा सुईशिवायचा होता.

२३ तारखेला रात्री आठला पेज आणि मेतकूट खाल्लं. नंतर काही नाही, पाणी सकाळी सहापर्यंत. आठला बोलावलं होतं, नंबर लागला पावणेअकराला. विश्वामित्रीचा पूल ओलांडून जाताना यांनी काहीच विषय काढला नाही, फक्त गाडी अगदी हळू चालवली.

संमतीपत्र गुजरातीत होतं. मला वाचता येतं, तरी सही करण्यापूर्वी पूर्ण वाचलं. तिथल्या सिस्टरने घाई केली नाही. मंगळसूत्र, बांगड्या, चष्मा लेकीकडे दिला. कवळी असली तर तीही काढायची असते. हाताच्या शिरेत औषध सोडायची बारीक नळी, इंट्राकॅथ, लावली. आत जाण्यापूर्वी मी वही उघडली आणि विचारलं, ‘टीबीसाठी थोडा नमुना सलाईनमध्ये घेणार ना?’ ट्रॉलीवर तेव्हा फक्त फॉर्मलिनची बाटली ठेवलेली होती. डॉक्टर थांबले. म्हणाले, ‘बरोबर विचारलंत,’ आणि सिस्टरला निर्जंतुक डबी आणायला सांगितली. ते स्वतःही सांगणार असतील कदाचित. पण मी विचारलं याचं मला आजही समाधान आहे.

घशात फवारा मारतात, तो फार कडू लागतो. मिनिटभरात जीभ आणि घसा जाड झाल्यासारखे वाटतात, गिळताना आपला घसा आपला वाटत नाही. माझा जीव तिथे घाबरला, पण श्वास नाकाने व्यवस्थित चालू असतो, तिकडे लक्ष ठेवायचं. ‘बेन, डाबी बाजू फरी जाव.’ डाव्या कुशीवर वळले. दातांमध्ये प्लास्टिकची कडी, तिचा पट्टा डोक्यामागे, नाकाशी ऑक्सिजन, बोटाला चिमटा. भूलतज्ज्ञ बाईंनी खांद्यावर हात ठेवला आणि औषध सोडलं. इंट्राकॅथच्या जागी थोडं चुरचुरलं. त्यानंतरचं मला काही आठवत नाही. नळी कधी गेली, सुई कधी लागली, काहीच नाही. ज्यांना साध्या एंडोस्कोपीत उमासे येऊन नको झालं असेल, त्यांनी ही भीती मनातून काढावी. ही तपासणी जास्त वेळ चालते, म्हणून बहुतेक वेळा झोपवूनच करतात.

चाळीस मिनिटं लागली. डॉक्टरांनी बाहेर येऊन लेकीला आणि यांना दोन्ही बाटल्या दाखवल्या. लेकीने नंतर वर्णन केलं, ‘आई, बारीक शेवेएवढे लाल-पांढरे धागे तरंगत होते.’ २२ गेजच्या सुईने तीनदा नमुना घेतला होता. गाठ स्वादुपिंडाची नव्हे, त्याला चिकटलेल्या लसिकाग्रंथींचा पुंजका वाटतोय, असंही ते म्हणाले. सीटीत ही सीमा दिसली नव्हती. पण नाव सांगायला त्यांनी नकार दिला. ‘लॅबला सांगू द्या.’

नमुने लॅबमध्ये आपणच न्यायचे होते. सलाईनच्या डबीवर नाव लिहिलेलं नव्हतं हे यांच्या लक्षात आलं, परत जाऊन नाव, तारीख आणि नमुन्याची जागा लिहून घेतली, मग रावपुऱ्यातल्या लॅबमध्ये पोचवले. बायोप्सी २,२००, टीबीचे जंतू झटपट शोधणारी सीबीनॅट तपासणी २,५००. सीबीनॅट सरकारी टीबी केंद्रातून मोफत होते, हे मला नंतर समजलं. तुम्ही आधीच विचारा.

दोन तासांनी शहाळ्याचं पाणी, संध्याकाळी साडेपाचला घरी. पोट जोरात दुखून पाठीत कळ गेली, ताप आला, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली तर रात्री कितीही वाजता या, असं कागदावर लिहून दिलं. तसं काही झालं नाही. घसा दोन दिवस दुखला, दुसऱ्या दिवशी मऊ भात खाल्ला. भुलीमुळे चोवीस तास गाडी चालवायची नाही आणि महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. सोबत माणूस लागतोच. एकटीने जाऊ नका.

२५ तारखेला, शनिवारी संध्याकाळी लॅबचा संदेश आला. लेकीने वाचला: एमटीबी डिटेक्टेड, रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड. म्हणजे क्षयाचे जंतू आहेत, आणि मुख्य औषधाला ते दाद देतात. मी देवघरासमोर बसले आणि रडले. सासूबाई जवळ आल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. क्षय ऐकून त्या घाबरतील असं वाटलं होतं, त्यांच्या काकांना झाला होता. त्या म्हणाल्या, ‘औषध आहे ना त्याला आता? मग रडतेस कशाला?’ बायोप्सी २९ ला आली: क्षयात दिसणाऱ्या गाठी, मध्ये मेलेला भाग, कॅन्सरचा पुरावा नाही. कल्चरचं उत्तर यायला आणखी सहा आठवडे लागले, पण तोवर औषध सुरू झालं होतं.

छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झाली, फुप्फुसं स्वच्छ होती, त्यामुळे माझ्यापासून कुणाला लागण व्हायची भीती नव्हती. हे शाळेला डॉक्टरांच्या सहीने लेखी दिलं, आणि ते फार उपयोगी पडलं. स्टाफरूममध्ये चहाचे कप वेगळे ठेवण्याची कुजबुज सुरू झाली तेव्हा मुख्याध्यापिकांनी तेच पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही सक्तीचं आहे. माझी निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली. आधार आणि बँक पासबुकावरचं नाव सारखं हवं, माझ्या आडनावाच्या एका अक्षरासाठी बँकेत दोन खेपा झाल्या. औषधं मोफत आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये या हिशेबाने खात्यात पैसे येतात. ५४ किलो वजनाला रोज चार गोळ्या, ३१ जानेवारीपासून. पहिले तीन आठवडे मळमळ, लघवी केशरी. ती औषधानेच होते. लिव्हरची तपासणी अधूनमधून. पंधरा दिवसांत ताप उतरला, आणि एका सकाळी उठले तेव्हा उशी कोरडी होती.

६ जुलैला, आषाढी एकादशीला, विठ्ठल मंदिराची मिरवणूक बघायला मी पायी गेले. १७ जुलैला १६८ वा डोस झाला. २१ ला सोनोग्राफीत गाठीच्या जागी ९ मिलिमीटरचा सुकलेला अवशेष दिसला; तो तसाच राहील, काही करायचं नाही, म्हणाले. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी रिकाम्या पट्ट्या मोजल्या, कार्डावर उपचार पूर्ण असं लिहिलं आणि काट्यावर उभं केलं. ५९ किलो. त्या रविवारी लेकीने कात्री घेतली, मी चष्मा लावला, आणि दोघींनी बसून चारही ब्लाउजच्या टिपा उसवल्या.